पाचवी मूठ : एका किशोर रहस्यकादंबरीच्या प्रकल्प नोंदी

२२ जून २०२५, रविवार. अमळनेर

आजपासून या कामाची वही सुरू करीत आहे. शाळेच्या ग्रंथालयाचा तास माझ्याकडे आल्यापासून नववी ते बारावीची मुले एकच मागणी करतात, आणि ती म्हणजे रहस्याचे पुस्तक. लहान मुलांच्या साहसकथा त्यांना आता पुरत नाहीत आणि मोठ्यांच्या खून-तपासाच्या कादंबऱ्यांत त्यांच्या वयाचे कोणी नसते. चौदा ते अठरा या वयातल्या वाचकाला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न चोर कोण हा नसून मी कोण हा असतो, आणि घरातील मोठी माणसे आपल्यापासून काय लपवतात, हे त्याला खुन्याच्या नावापेक्षा अधिक भयंकर वाटते. असे पुस्तक आपल्या भागातले, आपल्या गावात घडणारे असावे, म्हणून ते लिहायला घेत आहे.

पहिला आराखडा असा आहे. नायिका रेवा सोळा वर्षांची, अकरावी विज्ञानाला, बोरी नदीकाठच्या गावात राहणारी. आपल्याला एका संस्थेतून दत्तक घेतले आहे, हे तिला एका कागदावरून कळते आणि ती जन्मदात्यांचा शोध घेत निघते. शेवटी एक मोठे गुपित फुटते.

२९ जून, रविवार

हा आराखडा रद्द केला. त्याला दोन कारणे आहेत आणि दुसरे अधिक महत्त्वाचे आहे.

पहिले कारण कायद्याचे आहे. संस्थेमार्फत दत्तक गेलेल्या व्यक्तीला मुळांचा शोध घेण्याची सोय २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे; पण अठरा वर्षांखालील मुलाला तो अर्ज दत्तक पालकांसोबतच करावा लागतो, त्रयस्थ माणसाला तो करताच येत नाही, आणि मूल सोपवताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल तर त्यांची संमती घ्यावी लागते. माझी सोळा वर्षांची रेवा एकटी एका कार्यालयात जाऊन फाइल उघडते, हा प्रसंग त्यामुळे खोटा ठरतो.

दुसरे कारण माझ्या मसुद्यातल्या एका शब्दाचे आहे. तिसऱ्या पानावर रेवा म्हणते, ‘हे माझे खरे आईवडील नाहीत.’ हे वाक्य लिहिताना मला काहीच खटकले नव्हते. काल ते पुन्हा वाचताना काही वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी आठवली, जिने ग्रंथालयात असेच एक पुस्तक अर्ध्यावर मिटून परत केले होते आणि फक्त एवढेच विचारले होते, ‘मॅडम, मग माझी आई खोटी का?’ दत्तक असणे हेच ज्या गोष्टीतले भय आहे, ती गोष्ट अशा मुलीच्या हातात मी देऊ शकत नाही. यापुढे मसुद्यात जन्मदाते आणि आईवडील हे दोनच शब्द राहतील आणि ‘खरे’ हा शब्द त्यांच्याजवळ कुठेही येणार नाही.

मग गुपित कोणते, हे अद्याप हाती नाही.

१२ जुलै, शनिवार

गुपित सापडले नाही, पण ते उघड करणारे यंत्र सापडले, आणि ते आमच्या शाळेच्या कार्यालयातच होते.

बारावीनंतर अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश हवा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अकरावी-बारावीची मुले सध्या कागद गोळा करीत हिंडत आहेत. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणजे बहुतेकांना आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा काढावा लागतो, आणि त्यासोबत वडिलांना वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते. घराण्याचे झाड शपथेवर काढून द्यायचे आणि खाली सही करायची. एखाद्या घराला आपल्याच माणसांची यादी कागदावर मांडायला लावणारा याहून साधा आणि याहून कठोर प्रसंग मला सुचला नसता.

आज लिपिकभाऊंच्या परवानगीने जुन्या जनरल रजिस्टरची ठेवण पाहिली. जाड पुठ्ठा, कडा कसर लागून खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, असे रकाने. जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत गेले तर ओळीने १ जून, १ जून, पुन्हा १ जून. ज्यांच्या जन्माची नोंद घरी नव्हती, त्यांना गुरुजींनी शाळेत बसवण्यापुरते वय जुळवून ही तारीख दिली, आणि पुढे तीच नोकरीला, निवृत्तिवेतनाला आणि आधार कार्डाला लागली. रेवाच्या आजोबांची जन्मतारीख १ जून १९४८ अशी ठेवते. रजिस्टरातली नोंद पक्की असते, पण ती माणसाची हकीकत असतेच असे नाही. वाचकाला ही गोष्ट दुसऱ्याच प्रकरणात कळायला हवी.

आणि पहिला धक्काही तिथेच देता येईल. रेवा उतारा मागायला जाते, तेव्हा लिपिक रजिस्टर कपाटातून न काढता टेबलावरूनच उचलतो आणि म्हणतो, ‘परवाच एक पोरगा हीच नोंद विचारून गेला. तुमच्या नात्यातला असेल.’

तो कोण, हे मला स्वतःलाच अजून ठाऊक नाही.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, आज आमच्या खानदेशातली देवी कानबाई घरी बसल्या. ही नोंद रात्री उशिरा, हाताला पुरणाचा वास असताना लिहीत आहे, कारण सकाळी ती याच रूपात आठवेल याची खात्री नाही.

देवीच्या प्रसादाच्या रोटांचे धान्य दळायला देण्यापूर्वी सासूबाई ते मोजतात. आमच्या घरी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि त्याच हिशेबाने हरभऱ्याची डाळ घ्यायची पद्धत आहे. घराघरांत यात थोडाफार फरक असतो, पण सव्वाचा हिशेब आणि रोट भाऊबंदांनीच खायचे, हा दंडक आमच्याकडे फार कडक पाळतात. मी यावेळी मुद्दाम जवळ बसून पाहत राहिले. सासूबाई सुपात हात घालतात, मूठ वळतात, ती पितळी परातीत सोडतात, मग पाव मूठ अंदाजाने वर टाकतात आणि ओठांतल्या ओठांत एक नाव घेतात. मूठ, पाव मूठ, नाव. माझे सासरे गेल्याला सहा वर्षे झाली. त्यांच्या नावाशी सासूबाईंचा हात सुपावर थांबला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग पुढच्या नावाकडे गेला.

त्या थांबलेल्या हाताने मला कादंबरी दिली.

रेवाच्या घरात चार पुरुष आहेत, आजोबा, वडील, काका आणि काकांचा लहान मुलगा. आजी दरवर्षी पाच मुठी मोजते. रेवा लहानपणापासून ते पाहत आली आहे, आणि लहानपणापासून पाहिलेल्या गोष्टीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. वंशावळ लिहायला बसल्यावर मात्र कागदावर चारच नावे येतात. ती आजीला विचारते, ‘पाचवी मूठ कोना नावनी शे व, माय?’ आजी डाळ पाखडत राहते आणि म्हणते, ‘देवीले ठाऊक शे.’

उतारा विचारून गेलेला मुलगा आणि पाचवी मूठ ही एकाच माणसाची दोन टोके आहेत.

१० ऑगस्ट, रविवार

आठवडाभर याच एका धाग्यावर काम केले. तो रेवाचा सख्खा भाऊ आहे, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. २००७ मध्ये जन्मलेला, वर्षाचा असताना सुरतेच्या उधना भागात राहणाऱ्या, मूल नसलेल्या मावशीला दत्तक दिलेला. रेवा त्यानंतर, २००९ मध्ये जन्मली. मावशीने वचन घेतले होते की मुलाला हे कधी सांगायचे नाही. पुढे दोन्ही घरांत वितुष्ट आले आणि येणेजाणे थांबले. खानदेशातली इतकी कुटुंबे सुरतेत आहेत की हे नाते वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जुळी भावंडे करण्याचा मोह झाला होता, तो टाळला. जुळ्यांच्या गोष्टीत चेहराच सगळे सांगून टाकतो. इथे मला रेवापुढे वेगळा प्रश्न उभा करायचा आहे. ती दत्तक नाही, तिच्या जन्माची नोंद स्वच्छ आहे, तिच्यापासून लपवलेले तिच्या रक्ताबद्दल नाही. तरीही हे कळल्यावर तिला स्वतःच्या घरात परक्यासारखे वाटते, कारण दिलेल्या मुलाच्या रिकाम्या जागी आपण आलो का, आणि तो दिला गेला नसता तर आपण असतो का, हे तिला कोणालाच विचारता येत नाही. राखून ठेवलेल्या मुलाचीही ओळख गुपिताने हलते. या विषयावरच्या गोष्टी बहुधा दिलेल्या मुलाच्या बाजूने सांगितल्या जातात; मला ही बाजू सांगायची आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

आज नात्यातल्या एका वकील दादांकडे तीन तास बसले आणि माझी चार प्रकरणे मोडून आले. त्याचे वाईट वाटत नाही.

माझी मांडणी अशी होती की वडिलांनी वंशावळीत मुलाचे नाव गाळले तर शपथपत्र खोटे ठरेल, आणि हीच भीती कथेला पुढे ढकलेल. दादांनी १९५६ चा हिंदू दत्तक व भरणपोषण कायदा काढून कलम १२ वाचून दाखवले. दत्तकाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचे मानले जाते आणि जन्माच्या कुटुंबाशी त्याचे संबंध तुटतात. म्हणजे वडिलांनी ते नाव लिहिले नाही तर कायद्याच्या दृष्टीने त्यांनी काहीच लपवलेले नाही. कलम १५ प्रमाणे विधिवत झालेले दत्तक पुढे रद्दही करता येत नाही. माझ्या रहस्याखालचा आधारच गेला.

घरी येताना लक्षात आले की गेला तो खोटा आधार होता. कायदा वडिलांना मोकळे करतो, कागदावर चार नावे पुरतात, सही करायला काहीच हरकत नाही, आणि तरीही त्यांचे पेन तिथे थांबते, हा प्रसंग कोणत्याही गुन्ह्याच्या भीतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. कलम १२ म्हणते संबंध तुटले, आणि आजीची मूठ सतरा वर्षे म्हणते की तुटले नाहीत. शिवाय त्याच कलमात एक धागा कायद्यानेही सोडलेला आहे: जन्माच्या कुटुंबात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न करता आले नसते, त्यांच्याशी दत्तकानंतरही करता येत नाही. भाऊ हा शब्द कायदा पुरता पुसत नाही. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आणखी एक गोष्ट मिळाली. २०१० मध्ये कायदा बदलेपर्यंत मूल दत्तक देण्याचा अधिकार वडिलांचा होता आणि त्यासाठी आईची संमती लागत असे. आता तो दोघांना सारखा आहे. आमच्या कथेतले दत्तकपत्र २००८ चे, म्हणजे जुन्या तरतुदीचे. तेव्हा त्या कागदावर वडील ‘देणारे’ असतील आणि आई ‘संमती देणारी’ असेल. रेवाच्या हातात तो कागद येईल तेव्हा तिने सर्वांत आधी आईची सही पाहिली पाहिजे. आई एरवी सही करते ती एका झटक्यात, शेवटचे अक्षर ओढून. या कागदावर प्रत्येक अक्षर सुटे आहे, जणू दुसरीतल्या मुलीने पाटीवर काढलेले.

दत्तकपत्राची नक्कल जमिनीच्या दस्तासारखी कोणालाही मिळत नाही, म्हणून निबंधक कार्यालयातला माझा पाठलागाचा प्रसंगही गेला. तो कागद आता भावाजवळच असेल आणि तोच तो घेऊन येईल.

१४ सप्टेंबर, रविवार. नवापूर

सकाळी सुरतकडे जाणाऱ्या पॅसेंजरने नवापूरला आले. भेटीचे प्रकरण कुठे घडवायचे, हे घरी बसून ठरत नव्हते.

१ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा सीमा या स्थानकातूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक असा आहे की त्याचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे, आणि येणारे प्रवासी त्यावर बसून छायाचित्रे काढतात. मी तिथे बराच वेळ बसले. शेजारी एका आजीबाईंनी कापडी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला, मधोमध ठेवला, आणि नातवाला सीमेच्या पलीकडच्या बाजूला बसवून जेवू घातले. त्यांच्या बोलण्यात सीमा कुठेच नव्हती.

घोषणा चार भाषांत होतात, हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती. रेवा आणि तिचा भाऊ इथे भेटतील तेव्हा चारही भाषांतल्या घोषणा संपेपर्यंत दोघांपैकी कोणीच बोलणार नाही, आणि नंतर तो पहिले वाक्य अहिराणीत बोलेल. सुरतेत वाढलेला, गुजराती वळणाने बोलणारा, पण ‘माले’ आणि ‘तुले’ अगदी आजीसारखे म्हणणारा. ‘तू मन्ही बहीण शे का?’ एवढेच. शाळेत रेवाला अहिराणी बोलल्याबद्दल संकोच वाटत आला आहे, हे पहिल्या प्रकरणात येऊन गेलेले असेल.

बाकावर कोण कुठे बसेल, याचा विचार परतीच्या गाडीत दोंडाईचापर्यंत करीत होते. दोघेही महाराष्ट्राच्या बाजूला बसतील आणि सीमेची रेघ पाठीशी राहील. मध्ये रेघ ठेवून बसवले तर चित्र फार बोलके होईल.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिला पूर्ण मसुदा, बावीस प्रकरणे. अकरावीच्या पाच मुलांना आठवड्यापूर्वी वाचायला दिला होता, आज घरी बोलावून ऐकून घेतले.

एकाने लगेच विचारले की रेवाने त्या मुलाला इन्स्टाग्रामवर का शोधले नाही. हा आक्षेप खरा आहे. आजच्या मुलांच्या रहस्यकथेत फोन विसरता येत नाही, आणि दर वेळी नेटवर्क गेले असे लिहिणे ही वाचकाची फसवणूक आहे. आठव्या प्रकरणापर्यंत रेवाकडे नावच नाही, म्हणून तोवर प्रश्न येत नाही. नाव कळल्यावर मात्र तिला तो पाच मिनिटांत सापडायला हवा. तसेच लिहायचे ठरवले. तिला तो सापडतो, त्याच्या छायाचित्रांत मावशी दिसते, आणि संदेश लिहून पाठवायला तिला तीन दिवस लागतात. शोधण्यापेक्षा हे तीन दिवस अधिक उत्कंठेचे आहेत.

दुसऱ्याला आजोबांचे प्रकरण कंटाळवाणे वाटले. ते निम्मे केले.

सर्वांत शेवटी, इतका वेळ गप्प बसलेल्या एका मुलीने विचारले, ‘मॅडम, रेवाची मूठ कुठे आहे?’

मी तिच्याकडे पाहत राहिले. दीड महिना मी आजीच्या मुठी मोजत होते. घरात नसलेल्या मुलाच्या नावाने दरवर्षी मूठ पडते आणि त्याच परातीशेजारी बसून डाळ निवडणाऱ्या मुलीच्या नावाने एकही पडत नाही, हे मी स्वतः लिहिले होते आणि मला दिसले नव्हते. मला ते दिसले नाही याचे कारण असे की माझ्याही नावाने कधी पडली नाही, माहेरी नाही आणि सासरीही नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन आठवडे दुसऱ्या प्रकरणापासून पुन्हा लिहीत आहे. मूळ घटना फारशा बदलल्या नाहीत, रेवाचा राग बदलला. आधी ती आईवडिलांवर रागावत होती, कारण त्यांनी लपवले. आता तिला आजीवर राग येतो, जिच्यावर तिचे सर्वांत जास्त प्रेम आहे, आणि वाचकालाही आजीवर प्रेम करता करताच तो राग समजावा लागतो. आजी वाईट नाही. नातू गेल्याचे दुःख तिने कोणाला सांगितले नाही, पदराआड रडली नाही, सुनेला दोष दिला नाही. तिच्याजवळ फक्त एक मूठ होती आणि ती तिने कोणालाही सोडू दिली नाही. ज्या हातात एवढी माया आहे, त्याच हाताला समोर बसलेली नात मोजता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात पेलतील असे वाक्य अद्याप जमलेले नाही, आणि ते जमेपर्यंत नववे प्रकरण पुढे जाणार नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचे नाव वडिलांच्या नावाआधी आणले आहे. काकूला दिवस गेले आहेत असे दाखवले, तर येणाऱ्या बाळाच्या नोंदीचा विषय घरात सहज निघू शकतो. नवव्या प्रकरणात त्याची एक ओळ ठेवली आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या शपथपत्राचे प्रकरण पूर्ण केले. ते पाचवे नाव लिहीत नाहीत, कारण तसे लिहिणे मावशीच्या मातृत्वावर अन्याय ठरेल हे त्यांना रेवानेच पटवून दिले आहे. चार नावांखाली ते सही करतात. मग कागद बाजूला ठेवून वहीचे कोरे पान घेतात आणि रेवासमोर तेच झाड पुन्हा काढतात, यावेळी आईच्या माहेरासह, मावशीसह, सर्व लेकींसह. हे पान कोणत्याही जात पडताळणी समितीकडे जात नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा प्रसंग पुढच्या वर्षीच्या कानबाईचा आहे. तीन रीतींनी लिहून पाहिला. पहिल्यात आजी स्वतःहून सहावी मूठ रेवाच्या नावाने टाकते. ते फार गोड झाले आणि मला खरे वाटले नाही. दुसऱ्यात रेवा भांडते. ते भाषणासारखे झाले. तिसऱ्यात आजीचा हात आता थरथरतो, दाणे सांडतात, म्हणून ती सूप रेवाकडे सरकवते आणि मोजायला सांगते. नावे आजी घेते, मुठी रेवा टाकते. पाचवे नाव आजी पहिल्यांदाच मोठ्याने घेते. पुढे सुपात गहू शिल्लक आहेत, रेवाचा हात गव्हात आहे, आणि आजी गप्प आहे, पण थांब म्हणत नाही. तिसरा ठेवला.

संध्याकाळी तो सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि कथेबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मग उठून डब्यातले गहू ताटात ओतले, माझा हात धरून त्यात घातला आणि म्हणाल्या की तू लिहिलीस तशी मूठ कोणी वळत नाही. अंगठा आत घेतला तर कडेचे दाणे निसटतात, तो बोटांवरून बाहेर घ्यायचा. मी तशी मूठ वळली. एकही दाणा सांडला नाही. परिच्छेद त्याप्रमाणे दुरुस्त केला आहे; पान १८७, ओळ चौथी.